गोऱ्या कंबरपट्ट्याची परीक्षा

रात्रीचे दोन. फ्लॉरेन्स झोपलेलं. पण एखाद्या गल्लीत शिरलात, की लोण्याचा आणि तळणीचा वास येतो. पाटी नाही, नुसतं किलकिलं दार. बाहेर तरुण पोरं कुजबुजत उभी. आवाज चढला की शेजारीपाजारी खवळतात. तेवढ्यात दारातून कागदात धरलेला गरमागरम बॉम्बोलोने हातावर पडतो.

अशाच एका दाराच्या आतल्या बाजूला, बेकरीत, मी एक उन्हाळा काढला.

बॉम्बोलोने म्हणजे तस्कनी प्रांताचा बिनभोकाचा, आत क्रीम भरलेला डोनट. नाव आलं ‘बोंबा’, म्हणजे बॉम्ब, यावरून. ऑस्ट्रियातला क्राप्फेन हा त्याचा भाऊबंद. १७३७ साली तस्कनीची गादी ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या जावयाकडे गेली. त्या सोयरिकीतून हा पदार्थ इकडे आला असं मानतात.

आमचे वस्ताद संध्याकाळीच पीठ मळायला घेत. मैदा, अंडी, लोणी, साखर, यीस्ट आणि लिंबाची किसलेली साल. पीठ एकदा फुगलं की लाटून गोल चकत्या पाडायच्या, आणि प्रत्येक चकती कागदाच्या चौकोनी तुकड्यावर ठेवून पुन्हा फुगू द्यायची. हा कागद कशाला, ते मला कळलं नव्हतं. पहिल्याच रात्री मी एक चकती बोटांनी उचलून तेलात सोडली. आतली हवा गेली, ती बसली आणि एका अंगाने बुडाली.

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी ती झाऱ्यावर घेतली आणि शेजारी चांगला बॉम्बोलोने ठेवला. त्याच्या कमरेभोवती फिकट, गोरा पट्टा होता, माझ्या चकतीवर नव्हता. नीट फुगलेलं पीठ हलकं असतं, ते तेलावर तरंगतं. दोन्ही बाजू तळल्या जातात, कमरेला मात्र तेल लागत नाही. तो पट्टा बघून रात्रभराचं काम कळतं. तेव्हापासून मी चकती कागदासकट तेलात सरकवू लागलो. कागद सुटला की चिमट्याने काढायचा.

तेल १७० अंशांच्या आसपास हवं. जास्त तापलं तर वरून करपतं, आत कच्चं राहतं. कमी पडलं तर तेल पितं. घाणा निघाला की गरम असतानाच साखरेत घोळवायचं. मग वरून नळी खुपसून क्रीम भरायचं, इतकं की तोंडाशी पिवळा ठिपका दिसला पाहिजे.

गरमपणासाठी या शहराने काय काय केलं आहे! व्हिया देल कोर्सोवरच्या कुच्चोलो बारमध्ये वरच्या मजल्यावर तळलेले बॉम्बोलोनी घसरगुंडीवरून थेट खाली येत. शहराबाहेर, तस्कनीतल्याच व्हर्सिलियाच्या किनाऱ्यावर विक्रेते वाळूतून आरोळ्या देत ते विकतात. आणि तळलेल्यावरचं प्रेम इतकं, की तस्कनीत म्हणतात, तळली तर चप्पलसुद्धा चांगली लागते.

शेवटच्या आठवड्यात माझ्या पूर्ण घाण्याला पट्टा आला. वस्तादांनी एक उचलून दिव्यापाशी फिरवून बघितला, काही न बोलता क्रीम भरलं आणि दारातून बाहेर दिला. घेणाऱ्या मुलीने पट्ट्याकडे बघितलंही नाही. डोळे मिटून तिने मोठा घास घेतला. नाकाच्या शेंड्याला साखर लागली होती.