धग नसलेली ज्वाला

1957 साली प्रदर्शित झालेल्या ‘मदर इंडिया’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी गवताच्या गंजी खरोखरच पेटविण्यात आल्या होत्या. आग आटोक्याबाहेर गेली, नर्गिस ज्वाळांत सापडल्या, आणि सुनील दत्त यांनी आत शिरून त्यांना बाहेर काढले. पडद्यावर आग दाखवावयाची तर त्या काळी पुष्कळदा आगच लावावी लागे. आज ती संगणकावर निर्माण करता येते. तिला धग नसते, तिने कोणी भाजत नाही. मात्र ती खरी वाटावी, यासाठी खऱ्या अग्नीचे धर्म पाळावे लागतात.

ज्वाला ही वस्तू नव्हे. ती अखंड चालणारी क्रिया आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. ते जळत असता काजळीचे सूक्ष्म कण तयार होतात आणि तापून पिवळे-नारिंगी प्रकाशू लागतात. तप्त वायू हलके असल्याने वर धावतात, भोवतालची थंड हवा आत ओढली जाते आणि त्या ओढाताणीत भोवरे उठतात. म्हणून ज्वालेचा आकार क्षणोक्षणी बदलतो. तिचा स्वभाव मात्र कायम राहतो.

असा स्वभाव गणितात उतरविण्याची एक युक्ती केन पर्लिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1985 साली प्रसिद्ध केली. तिच्यातून काळ्या-पांढऱ्या छटांचा एक पट तयार होतो. तो अनियमित दिसतो, तरी त्यातील एक छटा दुसरीत अलगद मिसळते. ‘आफ्टर इफेक्ट्स’ या सॉफ्टवेअरमधील ‘फ्रॅक्टल नॉइज’ हे साधन याच जातीचे आहे. ज्वाला घडविणारा कलावंत हा पट उभा ताणतो, खालून वर सरकत ठेवतो आणि त्याची नक्षीही सतत बदलती ठेवतो. मग बुंध्याशी रुंद व शेंड्याशी निमुळता एवढाच भाग राखून त्याच्या कडा मऊ करतो. उजळ छटांना फिकट पिवळा, मधल्यांना नारिंगी आणि अंधुक छटांना तांबडा रंग देतो. शेवटी हे चित्र मूळ दृश्यावर अशा रीतीने बसवितो, की दोहोंच्या प्रकाशाची बेरीज व्हावी; कारण ज्वाला मागील दृश्य रंगाच्या लेपासारखे झाकीत नाही, त्यावर आपल्या उजेडाची भर घालते.

एवढे करूनही नक्कल उघडी पडते, ती बहुधा गतीमुळे. आग जितकी मोठी, तितकी तिची उसळी संथ. एक मीटर व्यासाची आग सेकंदास सुमारे दीड वेळा उसळते, तर चार मीटर व्यासाची पाऊण वेळाच. पेटलेल्या वाड्याच्या ज्वाळा पणतीच्या चपळाईने हलल्या, तर प्रेक्षकास कारण सांगता येत नाही, पण तो वाडा त्याला खेळण्यातला वाटतो. तसेच, ज्वाळ उंचावताच जवळच्या भिंतीवरील आणि माणसांच्या चेहऱ्यांवरील उजेडही वाढला पाहिजे.

समई, चूल आणि होळी पाहत वाढलेले डोळे सहज फसत नाहीत. म्हणून संगणकापुढे बसण्यापूर्वी एखादी शेकोटी शांतपणे न्याहाळणे, हाच या विद्येचा पहिला पाठ होय.