नव्या वर्षाच्या छंद-प्रकल्पांची आखणी

नोकरी किंवा अभ्यास सांभाळून हौसेने केलेला संगणकीय प्रकल्प फार दूर जाऊ शकतो. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत हौसेखातर पायथन ही संगणकभाषा लिहायला घेतली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये, विद्यार्थी असताना, छंद म्हणून लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीची सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिची पहिली, अगदी अपुरी आवृत्ती त्यांनी इतरांसाठी खुली केली.

आपल्या आखणीतही लहान सुरुवात महत्त्वाची. वर्षासाठी एक-दोनच प्रकल्प निवडावेत आणि तेही खऱ्या गरजेतून: घरखर्चाची नोंदवही, गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी कळवणारे उपकरण, जुन्या कौटुंबिक फोटोंची सूची. पहिल्या आवृत्तीत काय असेल आणि काय नसेल, हे आधीच लिहून ठेवावे. एका प्रकल्पात एकच नवे तंत्र शिकावे. बाकीची साधने ओळखीची असावीत. प्रत्येक बदल गिट या बदल-नोंदणीच्या साधनात नोंदवावा, म्हणजे काही बिघडल्यास मागच्या टप्प्यावर परतता येते. आठवड्यातली ठरावीक वेळ राखावी, दर तीन महिन्यांनी आढावा घ्यावा आणि रेंगाळलेले काम निःसंकोच थांबवावे. अर्धवट राहिलेल्या पाच प्रकल्पांपेक्षा पूर्ण झालेला एक लहान प्रकल्प अधिक शिकवतो.