काळविटाचे चर्मपूरण

कारंजा लाड हे गाव श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन ग्रंथभांडारांचे ठिकाण म्हणून महाराष्ट्रास सुपरिचित आहे. परंतु याच गावाच्या परिसरातील ज्या माळरानाचा सुमारे १८ चौरस किलोमीटरचा टापू कारंजा-सोहोळ अभयारण्य म्हणून राखला गेला, त्यावर वावरणारा काळवीट हेही या मुलखाचे तितकेच मोलाचे धन होय. या प्राण्याचे मुख मृत्यूनंतर यथातथ्य जतन करण्याची विद्या केवळ हस्तकौशल्याची नसून जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाची आहे, हे येथे सप्रमाण मांडावयाचे आहे.

संस्थानी अमदानीत या विद्येला शिकारीचा आश्रय होता आणि म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्याच्या कारखान्याने कागदी लगद्याच्या साच्यांवर कातडी चढवून तिला मोठा लौकिक मिळवून दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र सारे चित्र पालटले. आज मृतावस्थेत सापडलेला काळवीटदेखील सरकारी मालकीचा ठरतो आणि परवानगीवाचून त्याचे शिंगही घरी ठेवता येत नाही. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांच्या परिश्रमांतून २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जे चर्मपूरण केंद्र उभे राहिले, त्याने ही विद्या शिकारखान्यातून काढून शिक्षणाच्या सेवेस लावली.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. चितळ-सांबरांची शिंगे दरसाल गळून नव्याने येतात. काळविटाचे पिळदार शिंग मात्र हाडाच्या गाभ्यावर चढलेले कायमचे आवरण असल्यामुळे ते भिजवून सुटे करावे लागते आणि गाभा स्वच्छ करून पुन्हा जागच्या जागी बसवावे लागते. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर आणि मानेचा घेर यांची मोजमापे घेऊन साचा निवडला, की त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग कानशीने खरबरीत करतात, कारण त्यावाचून चिकटद्रव्य धरत नाही. मग कमावलेले ओलसर कातडे खळ लावलेल्या साच्यावर चढवितात. ही खळ चटकन घट्ट होत नाही, हाच तिचा मोठा गुण. कारण तेवढ्या अवधीत कातडे पुढेमागे सरकवून प्रत्येक अवयव त्याच्या ठिकाणी आणावयाचा असतो. जादा खळ तळहाताने मध्यापासून शिवणीकडे निपटून काढतात. शिवण मानेच्या मागील बाजूस, शिंगांच्या बुडापासून खाली येते आणि केस टाक्यात गुंतू नयेत म्हणून सुई आतून बाहेर घालतात.

खरी कसोटी पुढेच आहे. ओठांच्या कडा साच्यातील खाचेत दडपावयाच्या, नाकपुडीचे अस्तर आत वळवावयाचे आणि डोळ्यापुढील गंधग्रंथीची ती खोल चीर, जी काळविटाच्या चर्येचे वैशिष्ट्य होय, तिच्यात कातडे तळापर्यंत चिकटवावयाचे. वाळताना कातडे आकसते आणि खोलगट जागी खळ अपुरी पडली असेल, तर ते उचलले जाऊन ढोलकीच्या पुडीसारखे ताणून बसते. मग ती चीर बुजते आणि चेहऱ्याचा जिवंतपणा लोपतो. म्हणून अशा जागा टाचण्यांनी खिळवून, कान पुठ्ठ्याच्या आधाराने उभे धरून, कातडे पूर्ण वाळेपर्यंत काही आठवडे रोजच्या रोज तपासाव्या लागतात. डोळ्यातील बाहुली आडवी लांबट असते आणि मान कललेली असली तरी ती क्षितिजाला समांतर राहावी लागते. काचेचा डोळा बसविताना एवढे ध्यानात राहिले नाही, तर उरलेली सारी मेहनत वाया जाते.

यावरून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. कातडे कोठे ताणावे आणि कोठे खोल दडपावे, याचा निर्णय खळ देत नाही. तो जिवंत काळविटाला चरताना, कान टवकारताना, दचकून मान वळविताना ज्याने न्याहाळले आहे, त्याची नजर देते. म्हणून संग्रहालयातील प्रत्येक नमुन्यासोबत प्राण्याचे ठिकाण, तारीख आणि मृत्यूचे कारण यांची नोंद दफ्तरी असलीच पाहिजे, कारण नोंदीवाचून उत्तम नमुनाही शोभेची वस्तू ठरतो. आणि ज्या माळावर ही नजर घडते, तो कारंज्याचा माळ अबाधित राखणे हे या विद्येचेही आद्य कर्तव्य आहे. नमुना माळाची जागा कधीच घेऊ शकत नाही. तो फार तर माळाची ओळख करून देऊ शकतो, आणि तेवढे त्याने चोख केले तरी त्याचे प्रयोजन सफल झाले.