चारशे किलोंचं औषध

पहाटे ४.४५. मुळगाव. काकी गोठ्यातला दिवा लावते आणि आधी शेण ओढते. फावडं, खराटा, चार बादल्या पाणी. तीन गायी, तिन्ही संकरित. घरी खाणीवर चालणारा ट्रक होता तेव्हा एकच गाय होती, घरच्या दुधापुरती. २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी पुन्हा थांबल्या, ट्रक विकला, गायी वाढल्या.

५.२०. कास धुवायची, पुसायची, प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर सोडून बघायची. दोन गायी झाल्या. तिसरीने लाथ झाडली. मागचा उजवा सड टणक आणि गरम. फडक्यावर गुठळ्या. "दगडी," काकी म्हणाली. म्हणजे कासेची सूज. हिचं सकाळचं पाच लिटर दूध आज कॅनमध्ये जाणार नाही.

६.३०. दूध सोसायटी. वजन, फॅट, पावती. मग डॉक्टरांना फोन.

८.५०. सरकारी डॉक्टर आले. एका पसरट भांड्यातल्या चार वाट्यांत चारही सडांचं थोडं थोडं दूध घेतलं, त्यात जांभळं पाणी ओतून हलवलं. तीन वाट्या पातळच राहिल्या, चौथीतलं दूध घट्ट झालं. मग गायीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती टेप घातली. "चारशे किलो धरू या."

पुढचा सगळा हिशेब ह्या आकड्यावर. प्रतिजैविक किलोमागे दहा मिलिग्रॅम, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोन चार ग्रॅम. मोठ्या माणसाला बहुधा एक ग्रॅमची कुपी पुरते. सुजेवरचं मेलॉक्सिकॅम किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे. माणसाची मोठ्यात मोठी गोळी पंधराची. डॉक्टरांनी फेरीचे पैसे घेतले नाहीत. पेटीत होतं ते देऊन झालं. ही दोन औषधं नव्हती, म्हणून चिठ्ठी.

१०.१५. डिचोली. काकी चिठ्ठी पुढे करते. दुकानदार कुपी काढतो. लेबलवर जनावराच्या डोक्याचं छोटं चित्र, शेजारी इशारा: माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी. हे चित्र आणि हा मजकूर कायद्याने छापावाच लागतो. तीन दिवसांच्या तीन कुप्या, मेलॉक्सिकॅम, सुया, सिरिंज. अकराशे चाळीस.

"भाऊ, माणसांचं घेतलं तर?"

"औषध तेच, काकी. पण तुम्हाला एका वेळेला चार कुप्या फोडायला लागतील. आणि चिठ्ठीवर आहे तेच देणार मी."

मग तोच समजावतो. माणसांचं औषध भरपूर खपतं, तेच औषध कितीतरी कंपन्या करतात, भाव खाली येतो. जनावरांचं गिऱ्हाईक कमी, कंपन्या कमी. त्यात माणसांच्या अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे सरकार त्यांची कमाल किंमत ठरवतं. ही यादी माणसांच्या आजारांवरून होते. गायीच्या कुपीला तो आधार नाही.

काकीच्या पिशवीत तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आरोग्य केंद्रातून फुकट मिळालेल्या. घरात इस्पितळाच्या खर्चासाठी राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहे. मला हे चांगलंच वाटतं, माणसाला मिळायलाच हवं. पण ह्या घराचा किराणा ज्या कासेवर चालतो, तिच्या ह्या औषधाचा सगळा पैसा ह्या एका बाईच्या बटव्यातून जातो. ती नोटा दोनदा मोजते. काउंटरवर ठेवते.

१२.१०. डॉक्टर दुसऱ्या गावाहून परतताना थांबले. मुलगा वेसण धरतो. पावडरीत पाणी सोडून कुपी हलवायची, पाणी नितळ होईतो थांबायचं. मानेला अंगठा दाबला की शीर फुगते. सुई आत. गाय एकदा थरथरली, मग उभी राहिली.

मेलॉक्सिकॅम भरताना मी डायक्लोफिनॅकचं विचारतो, ते स्वस्त होतं ना? डॉक्टर मान हलवतात. ते दिलेली गाय मेली आणि गिधाडांनी खाल्ली की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. देशातली गिधाडं त्यानेच संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. लोक मग माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपीही तीन मिलिलिटरची, एका वेळेपुरती केली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसतं. "हे योग्यच झालं," डॉक्टर म्हणाले. काकी सिरिंजकडे बघत होती.

"दूध?" तिने विचारलं.

"तीन दिवस इंजेक्शन. त्यानंतरही मी सांगेपर्यंत सोसायटीत घालायचं नाही. वासरालाही नको."

दुकानाच्या पावतीवर ह्या वाया जाणाऱ्या दुधाचा आकडा येत नाही. दोन वेळचं मिळून नऊ लिटर, रोज. औषधापेक्षा हा खड्डा मोठा.

३.४०. गवत. पाण्याच्या बादल्या. पेंड आज बाकीच्या दोघींना पूर्ण, आजारीला अर्धी. ती खातच नाही.

६.१५. सोसायटी. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने 'पशु औषधी' योजनेला मंजुरी दिली, पंच्याहत्तर कोटींची तरतूद. जनावरांची जेनेरिक औषधं सहकारी संस्थांमार्फतही मिळावीत, असं त्यात आहे. काकीला ते ठाऊक आहे.

"आमच्याकडे कधी?"

"कागद आला की पहिला फोन तुम्हाला," सचिव म्हणाले.

८.४५. आजारी सड पुन्हा पिळून रिकामा केला. दूध गोठ्यापासून लांब खड्ड्यात, वर माती. हात साबणाने दोनदा. मग वही. औषध अकराशे चाळीस, बस वीस. पेंडवाल्याचे दोन पोत्यांचे द्यायचेत. काकी मुलाकडून फोन घेते.

"दादा, ह्या आठवड्यात एकाच पोत्याचे देते. गाय आजारी आहे."