कार्ड दिसलं पाहिजे

सकाळी ८:४०
गुरू तेगबहादूर नगर स्टेशन. जुनी माणसं अजून कोळीवाडाच म्हणतात. तिथून जवळच्या गल्लीत दहा बाय पंधराचा गाळा. शटर वर जातं. आत चाळीस संगणक, एकावर एक रचलेले. एका कंपनीने काढून टाकलेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत देखभाल थांबवली आणि यांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. मशीन मात्र धडधाकट आहेत. यांच्यावर डेबियन लिनक्स चढवून ती एका शाळेत जायची आहेत. साडेसातला टेम्पो येईल.

कारागीर अँटॉप हिलहून बसने आला. दहा रुपये. मे २०२५ च्या आधी पाच लागायचे. त्याचा रोज १,२०० रुपये. हाताखालच्या पोराला ६००. पोरगा त्याला दादा म्हणतो.

९:१५
झाकणं उघडायची. ब्लोअरने धूळ उडते, दोघांच्या तोंडाला रुमाल. रॅमची पट्टी काढायची, सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने घासायची, पुन्हा खटकन बसवायची. घड्याळाचा सेल मेलेला असेल तर नवा, पंचवीस रुपये. सेल वाचवायचा नाही. तारीख मागे गेलेलं मशीन पॅकेजवरच्या डिजिटल सह्या नाकारू शकतं, मग तासभर डोकं खाजवा.

१०:३०
पहिली सोळा मशीन लाकडी रॅकवर. सोळा निळ्या वायरी, एक चोवीस पोर्टचा स्विच. त्याला जोडलेला एक जुना लॅपटॉप, हाच सर्व्हर. लागणारी पॅकेजेस इंटरनेटवरून एकदाच उतरतात, लॅपटॉपवर साठतात आणि तिथून सगळ्यांना मिळतात. नाहीतर तीच फाइल चाळीस वेळा ओढावी लागली असती.

कीबोर्ड एकालाही नाही. भाषा कुठली, घड्याळ कुठलं, डिस्कचे भाग किती, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याने आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवली आहेत. बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं.

११:०५
दहा मशीन पळाली. सहा अडली. पडद्यावर प्रश्न: नेटवर्क कार्डाची फर्मवेअर फाइल सापडत नाही, पेनड्राइव्हवरून देता का? उत्तर द्यायला कीबोर्ड नाही. मशीन थांबलं ते थांबलं.

"दादा, वायर खराब?"

"वायर खराब असती तर इथवर आलं असतं का रे?"

गंमत आहे खरी. मशीन चालू झालं तेव्हा त्याच वायरवरून लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आणि इनिटआरडी आत आले. ते आणलं बोर्डावरच्या चिपमधल्या छोट्या प्रोग्रामने. कर्नल उभा राहिला की तो प्रोग्राम बाजूला होतो आणि कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर आहे. त्याच्या जोडीची फर्मवेअर नाही. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलच्या सीडीत अशा फाइली येतात. नेटवर्कवरून बूट करायच्या संचात मात्र त्या नसतात.

११:२०
अडलेल्या एका मशीनला कीबोर्ड लावून तो आधी कार्डाचा नंबर वाचतो. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८१६८ म्हणजे मॉडेल. पळालेल्या दहांत ८०८६ होतं, इंटेल. नंबर वहीत पेनाने उतरवतो.

इनिटआरडी म्हणजे गुंडाळलेली फाइलींची वळकटी. ती सोडायची गरज नाही. रिअलटेकच्या फर्मवेअरची दुसरी छोटी वळकटी बांधायची आणि पहिलीच्या शेपटाला जोडायची. कर्नल दोन्ही ओळीने उलगडतो. एका ओळीची आज्ञा. पण त्या आधी तो मूळ फाइलची प्रत काढतो, नव्या फाइलच्या नावात तारीख घालतो आणि वहीत लिहितो. मला विचाराल तर हा माणूस कारागीर ठरतो तो इथे. आज्ञा कुणीही शोधून काढेल.

ड्रायव्हरच घालायची वेळ आली तर काम वाढतं. तो त्याच कर्नलच्या आवृत्तीसाठी बांधलेला हवा. एका आकड्याचा फरक पडला तरी कर्नल तो घेत नाही.

१२:१०
सहाही मशीन पुन्हा चालू. प्रश्न येत नाही. पोरगा सहा पडद्यांपुढून दोनदा फिरतो. खात्री करून घेतो.

गाळ्याचे मालक चहा मागवतात. त्यांनी लॅमिंग्टन रोडवर फ्लॉपीचा काळ पाहिलेला. रेड हॅट लिनक्सची बूट फ्लॉपी १.४४ एमबीची. तेवढ्यात सगळे ड्रायव्हर मावत नसत, म्हणून नेटवर्क ड्रायव्हरची वेगळी फ्लॉपी असायची. "दुसरी फ्लॉपी खराब निघाली की दिवस गेला," ते म्हणतात.

१:३०
डबे. चपाती, वांग्याची भाजी. कुठून तरी तळणीतल्या मासळीचा वास येतो. पोरगा वडापाव घेऊन येतो.

२:१५
दुसरी सोळा. मग उरलेली आठ. दोन मशीन नेटवर्कवरून बूट व्हायला तयारच नाहीत. त्यांच्यासाठी तोच कर्नल, तीच जोडलेली इनिटआरडी आणि तीच उत्तरांची फाइल पेनड्राइव्हवर. एक उठतं. दुसऱ्याचा बोर्डच गेलेला. त्याची रॅम आणि डिस्क काढून डब्यात. एकोणचाळीस.

५:३०
तपासणी. प्रत्येक मशीनवर लिबरऑफिस उघडून तो मराठीत एकच शब्द टाइप करतो: दुसऱ्या. त्यातला अर्धा र नीट उमटला तर मशीनवर हिरवा स्टिकर.

शाळेच्या मॅडमचा फोन. "दादा, मुलांनी काही बिघडवलं तर परत तुमच्याकडे आणायचं का?"

"नाही मॅडम. सोबत पेनड्राइव्ह देतोय. लावायचा, मशीन चालू करायचं. विचारणार काही नाही. फक्त आधी मुलांच्या फाइली काढून घ्या, सगळं पुसलं जातं."

मालक मान वर करतात. पेनड्राइव्ह साडेतीनशेचा, बिलात धरलेला नाही. दादा म्हणतो, शाळेतून इथवर टेम्पोचं एक भाडं यापेक्षा जास्त होईल. मालक क्षणभर थांबतात आणि कपाटातून नवीन पेनड्राइव्ह काढून देतात.

७:४०
टेम्पो दहा मिनिटं उशिरा. गल्लीत वळत नाही, तोंडाशीच उभा. एकोणचाळीस खेपा हातावर. हमाल चारशे मागतो, तीनशे पन्नासवर येतो. पडदे जुन्या चादरींत गुंडाळलेले. पेनड्राइव्ह पाकिटात, पाकिटावर दादाने बॉलपेनने लिहिलं आहे: रिअलटेक, इंटेल दोन्ही चालेल. खाली आजची तारीख.

मालक पैसे मोजून देतात. पोरगा विचारतो, उद्या किती?

"पंचवीस. सगळी वेगवेगळ्या कंपन्यांची," दादा म्हणतो. "कार्डांचे नंबर तू लिहायचे."