हातचा येईपर्यंत

बुद्धपौर्णिमेच्या रात्री नागझिऱ्यात पाणवठ्याकाठच्या मचाणावर प्राणिगणनेला बसलो होतो. टॉर्च लावायचा नाही, बोलायचे नाही. दोन सांबरे पाणी पिऊन गेली आणि मग बराच वेळ काहीच आले नाही. मी मनातल्या मनात गुणाकार सुरू केला : नऊ वेळा एक लिहून होणारी संख्या, १११११११११, तिला तिनेच गुणायचे.

उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, कुठूनही वाचा, तेच. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो’ नाव दिले. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. कल्पना तिथल्या रेल्वे स्थानकावर सुचली.

माझे गणित कॉलेजात झालेले नाही. एकदा कापरेकरांवर बोललो, तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, “हे आकड्यांचे खेळ. गणित नव्हे.” ते वाक्य मचाणावरही सोबतीला होते.

१११ गुणिले १११ मांडून पाहा. तीन ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन, दोन, एक अशी बेरीज येते : १२३२१. नऊ एकांना मधल्या रकान्यात नऊ येतात. कुठेच हातचा नाही, म्हणून आरसा शाबूत. दहावा एक जोडला की मध्ये दहा : शून्य मांडले, हातचा एक. तो शेजारच्या नऊत मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढच्या आठाचे नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा झाला, आरसा तडकला.

म्हणजे प्राध्यापक निम्मे बरोबर होते. आरसा संख्येचा नाही, आपल्या दशमान लेखनाचा आहे. आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर तो सात एकांपर्यंतच टिकला असता.

पण उरलेले निम्मे? त्या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ ने नेमका भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकर ‘हर्षद’ म्हणत. इथे कारण साधे आहे : नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून मूळ संख्येला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. घरी येऊन अवयव पाडले : ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. ते कोणत्याही लिपीत, कोणत्याही मोजणीत बदलत नाहीत.

खेळ लेखनाचा असेल. पण तो कुठे आणि का मोडतो हे विचारले की गणित सुरू होते. त्याला पदवी लागत नाही.

पहाटे वनरक्षक तक्ता न्यायला आले. त्यात ‘सांबर : २’ एवढेच होते. कागदाच्या मागे मात्र चांदण्यात केलेला ८१ चा भागाकार राहून गेला होता.