फिरत्या घरासाठी सौर पॅनेल : छतावर की जमिनीवर?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात क्वार्टझसाइटजवळच्या वाळवंटात हिवाळी मुक्कामाला येणाऱ्या अनेक ट्रॅव्हल ट्रेलरांना, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घरांना, विजेची जोडणी मिळत नाही. त्यामुळे सौर पॅनेल छतावर पक्के बसवावे की जमिनीवर मांडण्याजोगे सुटे घ्यावे, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो, परिणामी आडव्या पॅनेलला थेट किरणांचा निम्म्याहून थोडाच अधिक लाभ होतो, तर सुट्या पॅनेलचे तोंड सूर्याकडे वळवून तो जवळजवळ पूर्ण मिळवता येतो. शिवाय ट्रेलर सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवता येते; मात्र लांब, बारीक तारेच्या विद्युत रोधामुळे व्होल्टेज घटते, आणि १२ व्होल्टच्या व्यवस्थेत ही घट विशेष जाणवत असल्याने तार जाडच हवी. छतावरचे पॅनेल प्रवासातही बॅटरी भरत राहते, म्हणून रोज जागा बदलणाऱ्यांना ते सोयीचे असते. एकाच ठिकाणी आठवडेच्या आठवडे राहणाऱ्यांनी हिवाळ्यात सुट्या पॅनेलालाच पसंती द्यावी. बॅटरीत जाणारा प्रवाह नियंत्रित करणारा चार्ज कंट्रोलर दोन्ही प्रकारांत आवश्यक असून तो बॅटरीजवळ बसवणे हिताचे असते.